जुझे की होसे? बेळगाव सीमाभागातील एका नावाची कुळकथा

पणजीत मांडवीच्या काठी आदिलशहाचा वाडा उभा आहे. त्याला लागूनच आबे फारिया यांचा पुतळा आहे: हात पसरून उभा असलेला धर्मगुरू आणि त्याच्यासमोर कोसळत चाललेली स्त्री. येणारे-जाणारे दोन्हींची छायाचित्रे घेतात आणि पुढे जातात. हा वाडा ज्याच्या नावाशी जोडला जातो तो यूसुफ आदिलशहा, विजापूरच्या सल्तनतीचा संस्थापक. पुतळा ज्याचा आहे त्याचे पूर्ण नाव जुझे कुस्तोदियो द फारिया. १७५६ साली कांदोळीत जन्मलेला हा पाद्री पुढे पॅरिसला जाऊन संमोहनविद्येचा आद्य अभ्यासक म्हणून गाजला. एक मुसलमान सुलतान, दुसरा कॅथलिक पाद्री. दोघांमध्ये अडीच शतकांचे अंतर. तरीही ही दोन्ही माणसे एकमेकांची नावबंधू आहेत. यूसुफ आणि जुझे ही एकाच नावाची दोन रूपे होत.

हे आठवण्याचे निमित्त मात्र पणजीतले नव्हे, घाटमाथ्यावरचे आहे. खानापूर तालुक्यातील एका परिचिताच्या घरी नातू जन्माला आला. पणजोबांचे नाव त्याला द्यावे असे घरच्यांनी ठरवले. पणजोबांना सारा गाव जुझे म्हणत असे. बाळाच्या आईवडिलांनी मोबाईलवर शोध घेतला, तेव्हा ‘स्पॅनिश मुलांचे नाव, उच्चार होसे’ अशी माहिती मिळाली. आता घरात पेच पडला. ‘आमचे आजोबा अशिक्षित होते, म्हणून त्यांना जुझे म्हणत असतील, खरे नाव होसे असणार,’ असे तरुण मंडळींचे म्हणणे. आजीला ते पटेना. पण तिच्याजवळ उत्तरही नव्हते. आजीचा आक्षेप योग्य होता आणि त्याला भक्कम आधार आहे.

प्रथम नावाचा अर्थ पाहू. मूळ शब्द हिब्रू आहे : योसेफ. ‘भर घालणे, वाढवणे’ या अर्थाच्या धातूपासून तो बनला आहे. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्याच ग्रंथात, तिसाव्या अध्यायात, नावाची कथा येते. याकोबाची लाडकी पत्नी राहेल हिला अनेक वर्षे मूल नव्हते. बहिणीची मुले अंगणात खेळताना पाहून ती झुरत असे. अखेर तिला मुलगा झाला आणि तिने त्याचे नाव योसेफ ठेवले. देव मला आणखी एक पुत्र देवो, अशी त्यामागची इच्छा. म्हणजे हे नाव बाळाच्या गुणांचे वर्णन करीत नाही. ती त्याच्या आईची पुढची मागणी आहे. हातात आलेल्या मुलाच्या नावातच न आलेल्या मुलाची वाट पाहिलेली आहे.

आपल्याकडे याच्या अगदी उलट टोकाचे नाव आढळते. मुलीवर मुली झालेल्या घरात शेवटच्या मुलीला ‘नकोशी’ म्हणत. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली, हे अनेकांना आठवत असेल. एका नावात ‘आणखी दे’ आहे, दुसऱ्यात ‘आता पुरे’. दगडू, धोंडू, केरू ही नावेही बाळाविषयी काही सांगत नाहीत, ती आईबापांच्या मनातली भीती सांगतात. नावाचा ‘अर्थ’ शोधताना आपण शब्दकोश उघडतो. पण पुष्कळ नावांचा अर्थ बाळंतिणीच्या खोलीत असतो.

राहेलची मागणी पुरी झाली. तिला दुसरा मुलगा, बेन्यामीन, झाला आणि त्याच बाळंतपणात तिचा अंत झाला. योसेफ या नावाच्या गोड अर्थापाशी थांबणारी संकेतस्थळे ही बाजू सहसा सांगत नाहीत.

या योसेफाची पुढची गोष्ट सर्वपरिचित आहे. भावांनी मत्सरापोटी त्याला विकले, तो मिसर देशात गेला, तुरुंगात पडला, स्वप्नांचा अर्थ सांगून मोठ्या पदाला चढला आणि दुष्काळात त्याच भावांना त्याने धान्य दिले. हीच कथा कुराणाच्या बाराव्या अध्यायात आहे. त्या अध्यायाचे नावच यूसुफ. फारसी कवींनी तिच्यातील यूसुफ आणि जुलेखा यांच्या प्रेमाचा धागा घेऊन काव्ये रचली. सतराव्या शतकात विजापूरच्या हाश्मी या कवीने दख्खनी भाषेत ‘यूसुफ-जुलेखा’ लिहिले. म्हणजे आपल्या शेजारच्या मुलखात ही कथा लोकांच्या बोलीत रंगत होती.

नव्या करारात दुसरा योसेफ येतो : नाझरेथचा सुतार, मरियेचा पती, येशूचा पालक. तो फारसे बोलत नाही. शुभवर्तमानांत त्याच्या तोंडचा एकही शब्द नोंदलेला नाही. स्पेन आणि पोर्तुगालमधल्या लाखो मुलांना जे नाव मिळाले ते या अबोल सुताराचे. सीमाभागातील यूसुफ आणि जुझे यांच्या नावाचे मूळ एकच असले, तरी नाव ठेवताना आठवण वेगवेगळ्या माणसांची आहे, एवढा भेद ध्यानात ठेवायला हवा. एका घरी स्वप्नांचा जाणकार पैगंबर, दुसऱ्या घरी रंधा चालवणारा संत.

आता स्पेनकडे वळू. हिब्रू योसेफचे ग्रीक आणि लॅटिन भाषांत ‘योसेफ’, ‘योसेफुस’ असे रूप झाले. इबेरियातील लोकांच्या जिभेला शब्दाच्या शेवटी येणारा ‘फ’ जड जात असे. बोलण्यात तो गळून पडला. लिखाणात मात्र तो बराच काळ टिकला. अठराव्या शतकातील स्पॅनिश कागदांत हे नाव शेवटच्या ‘पीएच’सह लिहिलेले आढळते. मध्ययुगात तेथे हे नाव फारसे प्रचलित नव्हते. सोळाव्या शतकात आविलाची संत तेरेझा हिने या सुताराची भक्ती आवर्जून वाढवली. १५६२ साली तिने स्थापन केलेल्या पहिल्या मठाला त्याचेच नाव दिले. १६२१ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १९ मार्च हा त्याचा सण सर्वत्र पाळण्याचा आदेश दिला. तेव्हापासून नावाचा प्रसार एवढा झाला की आजही स्पेन आणि पोर्तुगाल या देशांत पितृदिन १९ मार्चलाच असतो. तेथे पुरुषाचे नाव ‘होसे मारिया’ आणि स्त्रीचे ‘मारिया होसे’ असू शकते. कोणते नाव आधी येते यावरून पुरुष की स्त्री हे कळते.

स्पॅनिशमध्ये होसेला घरी ‘पेपे’ म्हणतात. त्याची एक चटकदार उपपत्ती सांगितली जाते : येशूचा ‘मानलेला पिता’ या अर्थाच्या दोन लॅटिन शब्दांची आद्याक्षरे ‘पी’, ‘पी’, म्हणून पेपे. ऐकायला छान आहे, पण ती मागाहून जुळवलेली दिसते. खरे कारण साधे आहे. जुन्या स्पॅनिशमध्ये ‘जोसेप’ असेही रूप होते आणि त्यातील ‘प’ लाडाने दोनदा उच्चारला गेला. फुटबॉलप्रेमींना पुरावा घरबसल्या मिळेल : पेप ग्वार्दिओला यांचे खरे नाव जुझेप. ते कातालान आहेत आणि त्या भाषेने तो ‘प’ अजून जपला आहे. इटालियनांचा ज्युसेप्पे हाही त्याच घरातला. पोर्तुगीज मात्र लाडाने ‘झे’ एवढेच म्हणतात.

फुटबॉलचा विषय निघालाच आहे, तर एक तक्रार नोंदवतो. पोर्तुगालचे प्रशिक्षक मोरिन्हो यांचे पहिले नाव आपल्या क्रीडापानांवर ‘होसे’ किंवा ‘होजे’ असे छापले जाते. ते स्पॅनिश नाहीत. पोर्तुगीज उच्चार गोव्यातल्या कोणत्याही आजीला ठाऊक आहे. संपादकीय मेजावर बसलेल्यांना तो विचारावासा वाटत नाही, एवढेच.

खानापूरच्या घरातल्या वादाचा निकाल याच उच्चारात आहे. स्पॅनिश ‘होसे’तील ‘ह’, म्हणजे घशातून खरवडून काढलेला ‘ख’सारखा ध्वनी, फार प्राचीन नाही. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये त्याच अक्षराचा उच्चार ‘झ’ आणि ‘श’ यांच्या मधल्या, मृदू ध्वनीने होत असे. ‘टेलिव्हिजन’ या शब्दात ‘जन’च्या आरंभी इंग्रज जो ध्वनी काढतात तो. सोळाव्या शतकात तो ‘श’कडे झुकला आणि सतराव्या शतकापर्यंत मागे सरकत घशात गेला. पोर्तुगीज भाषेत हे स्थित्यंतर घडलेच नाही. तिने जुना मृदू ध्वनी आजतागायत राखला आहे. पोर्तुगीज गोव्यात आले १५१० साली. त्यांच्याबरोबर आलेले नाव जुन्या उच्चाराचे होते आणि कोकणी जिभेने त्याला आपल्या ‘ज’मध्ये बसवले.

मग ‘जो’ऐवजी ‘जु’ का? गावठीपणामुळे, असे तरुणांना वाटले. प्रत्यक्षात पोर्तुगीज बोलताना ज्या अक्षरावर आघात नसतो तेथील ‘ओ’ हा ‘उ’ होतो. लिस्बनचा माणूसही ‘झुझे’ असेच म्हणतो. दुसऱ्या अक्षरातला ‘झ’ही त्याचाच, स्पॅनिशात तेथे ‘स’ आहे. म्हणजे ‘जुझे’मध्ये पहिला स्वर, मधले व्यंजन आणि शेवटचा आघात हे तिन्ही मूळ पोर्तुगीज उच्चाराशी इमान राखून आहेत. निरक्षर माणसाने कानाने ऐकले आणि जसेच्या तसे धरून ठेवले. बिघडवण्याचे काम बहुधा लिहिणाऱ्यांनी केले आहे.

संत जोसेफ वाझ यांचे उदाहरण घ्यावे. १६५१ साली बाणावलीत त्यांचा जन्म झाला. १६८१ ते १६८४ या काळात त्यांनी कॅनरा प्रांतात सेवा केली. पुढे श्रीलंकेत आयुष्य वेचले. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले. इंग्रजीत ते जोसेफ, पोर्तुगीजमध्ये आणि कोकणीत जुझे. त्यांना ‘होसे वाझ’ म्हणून पाहा. कानाला कसे लागते?

हे नाव गोव्याहून घाट चढून वर गेले. कधी धर्मसत्तेच्या धाकाने, कधी दुष्काळामुळे, पुढे रेल्वेच्या आणि लष्करी छावणीच्या नोकऱ्यांमुळे गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबे खानापूर, लोंढा, कॅसलरॉक, बेळगाव या भागांत स्थिरावली. त्यांचा धार्मिक कारभार पुढे वेगळा करण्यात आला : १९ सप्टेंबर १९५३ रोजी गोवा आणि पुणे येथील धर्मप्रांतांतून प्रदेश काढून बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. घरी कोकणी, बाजारात मराठी, कचेरीत कन्नड, शाळेत इंग्रजी, अशा चार भाषांच्या वर्दळीत जुझे जगत राहिला.

तो पोहोचला तेव्हा त्याचा थोरला नावभाऊ तेथे आधीच नांदत होता. बेळगाव हे आदिलशाहीतले महत्त्वाचे ठाणे. यूसुफच्या पश्चात त्याचा मुलगा इस्माईल गादीवर आला. त्या काळातला बडा सरदार असदखान लारी बेळगावचा अंमलदार होता आणि किल्ल्यातली साफा मशीद त्याचीच. पोर्तुगीज आपल्या कागदांत आदिलखानाचा अपभ्रंश करून ‘इदालकांव’ लिहीत. पणजीचा वाडाही त्यांच्या भाषेत ‘इदालकांव’चा वाडा. ज्या यूसुफच्या राज्याशी ते लढले त्याचे नाव आपल्याच नावाचे सख्खे रूप आहे, याची जाणीव त्या वेळच्या कोणा जुझेला झाली असेल का? पाद्र्यांना झाली असावी. सैनिकांना तसे काही वाटण्याचे कारण नव्हते.

तिसरा भाऊ आला तो इंग्रजांबरोबर. १८१८ साली बेळगावचा किल्ला कंपनी सरकारच्या ताब्यात गेला, छावणी वसली आणि दोनच वर्षांत, १८२० साली, लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर तेथे दाखल झाले. छावणीतला जोसेफ शेवटच्या ‘फ’सकट आला. याच मिशनच्या शाळेत शिकलेला एक मुलगा मराठी साहित्याच्या इतिहासात अजरामर झाला : बाबा पदमनजी. १८३१ साली बेळगावात जन्मलेल्या बाबांनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला आणि १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहिले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. त्यांनी धर्म बदलला, पण नाव बदलले नाही. नारायण वामन टिळक आणि पंडिता रमाबाई यांनीही आपापली नावे राखली. गोव्यात मात्र सोळाव्या शतकापासून बाप्तिस्मा म्हणजे नवे नाव आणि बहुधा नवे आडनावही. एकाच धर्माच्या दोन पंथांनी, दोन काळांत, नावाकडे किती वेगळ्या नजरेने पाहिले हे समजून घ्यायला चोर्ला घाटाच्या या बाजूला आणि त्या बाजूला फिरणे पुरेसे आहे.

चौथे रूप छापील पुस्तकातून आले. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी इंग्रजी जोसेफ किंवा पोर्तुगीज जुझे यांपैकी काहीही न घेता मुळाच्या जवळ जाऊन ‘योसेफ’ लिहिले. कन्नड बायबलातही ‘योसेफ’च आहे. सीमाभागात दोन्ही भाषांचे ज्या मोजक्या बाबतींत एकमत आहे त्यांत ही एक. निपाणीच्या बाजूला, जेथे कोल्हापूरची मराठी जवळची, तेथे हे पुस्तकी रूप अनोळखी वाटत नाही. कोल्हापुरात १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांनी काम सुरू केले आणि त्या परंपरेतल्या मंडळींची उपासना मराठीत होत आली. तेथे बायबल वाचणाऱ्याच्या ओठांवर सहज येणारा शब्द योसेफ, खानापूरकडच्या कॅथलिक घरात जुझे, छावणीत जोसेफ, मुसलमान मोहल्ल्यात यूसुफ. बेळगावच्या एखाद्या शाळेत हे चौघेही एका बाकावर बसू शकतात आणि हजेरी घेणाऱ्या गुरुजींना आपण एकच नाव चारदा पुकारतो आहोत याचा पत्ताही लागणार नाही.

मराठी मुलखात बायबलमधली नावे ख्रिस्ती धर्माच्याही आधी दुसऱ्या एका वाटेने आली होती, हे जाता जाता नोंदवायला हवे. कोकणातील बेने इस्राएल समाजाने हिब्रू नावांना चक्क मराठी ‘जी’ लावला. १७९६ साली मुंबईतले पहिले सिनेगॉग ज्यांनी बांधले त्या शमुवेल यहेज्केल दिवेकरांना लोक सामाजी हसाजी दिवेकर म्हणत. येसाजी, येसूबाई या नावांत मात्र कोणी येशू शोधू नये. ती आपल्या ‘यश’ शब्दाकडची आहेत.

हा सारा विचार केवळ हौसेचा असता तर त्या घरातला वाद चहाबरोबर संपला असता. परंतु नावाचा प्रश्न शेवटी कागदावर येतो. चर्चच्या बाप्तिस्मा नोंदीत पोर्तुगीज रूप. त्या रूपाचेही दोन प्रकार : जुन्या नोंदींत मधले अक्षर ‘झेड’ असलेले आढळते, तर १९११ च्या पोर्तुगीज लेखनसुधारणेनंतर ‘एस’ स्थिर झाला. शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी इंग्रजी वळणाने लिहिलेले जोसेफ. शिधापत्रिकेवर कन्नड लिपीत, आणि त्या लिपीवरून पुन्हा रोमन लिपीत आणताना तिसरेच काही. रोमन लिपीत शेवटच्या अक्षरावरची आघातखूण गाळली की संगणकासमोरचा कारकून ते ‘जोस’ असे वाचतो. केरळमध्ये तो उच्चार रूढ आहे, त्यामुळे त्यालाही पूर्ण दोष देता येत नाही. केरळच्या सीरियन ख्रिस्ती लोकांत याच नावाचे ‘औसेफ’ही झाले आहे, ते निराळेच.

गोव्यात वडिलोपार्जित घराचा वाटा सिद्ध करायचा असेल, किंवा पोर्तुगीज काळातील जन्मनोंदीचा आधार घ्यायचा असेल, तर या रूपांची एकवाक्यता दाखवावी लागते. मग ‘अमुक आणि तमुक ही एकच व्यक्ती आहे’ असे प्रतिज्ञापत्र करायचे, वकील गाठायचा, घाट उतरून यायचे आणि पुन्हा चढायचे. आजोबा एकच होते हे साऱ्या गावाला माहीत असते. कागदाला ते सांगावे लागते. पणतवाचे नाव होसे ठेवून त्या यादीत आणखी एका रूपाची भर घालणे म्हणजे, नावाचा अर्थ ‘भर घालणे’ असला तरी, जरा जास्तच झाले!

आणखी एक गोष्ट त्या कुटुंबाला मोकळेपणाने सांगता आली. बायबलमधले किंवा संताचे नाव दिलेच पाहिजे असा आग्रह आज चर्चही धरत नाही. १९८३ च्या धर्मविधी संहितेत, नाव ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावे एवढीच अपेक्षा आहे. म्हणून बेळगाव परिसरातील कॅथलिक घरांत आता भारतीय वळणाची नावेही सर्रास दिसतात. जुझे हे नाव ठेवायचे असेल तर ते कर्तव्य म्हणून नव्हे, पणजोबांची आठवण म्हणून ठेवायचे. आणि आठवणच जपायची, तर ज्या हाकेला ते ओ देत तीच हाक जपायला हवी.

मुलाचे नाव काय ठेवले ते गेल्या आठवड्यात कळले. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आणि जन्मदाखल्यावर, दोन्ही ठिकाणी एकाच स्पेलिंगने, आघातखुणेसह. देवनागरीत ‘जुझे’. दाखल्याच्या अर्जात कन्नड लिपीत काय लिहायचे यावर मात्र अर्धा तास गेला. तिथे ‘झ’चा नेमका उच्चार दाखवणारे अक्षर मिळेना, तेव्हा आजीने अर्ज लिहिणाऱ्याला नाव तीनदा म्हणून दाखवले.